माय एकटी राहायला गेली

माझी सगळी नोकरी हिंगोलीच्या बसस्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेली. सेनगावची लागली का, परभणीची गेली का, कळमनुरीला थांबते का, हे दिवसभर सांगायचं आणि मधूनमधून भोंग्यावर ओरडायचं. त्या खिडकीतून मी म्हातारपण जितकं बघितलं तितकं दुसरीकडं कुठं बघितलं नसेल. घरातून जेवून निघालेले, धुतलेलं धोतर नाहीतर इस्त्रीचा पायजमा घातलेले कितीतरी म्हातारे रोज बाकावर येऊन बसायचे. त्यांना कुठंच जायचं नसायचं. एक जण तर रोज मला नांदेडच्या गाडीची वेळ विचारायचा. मी सांगितली की समाधानानं मान हलवायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचा. माणसांच्या गर्दीत, गाड्यांच्या धुरात, कुणाच्या तरी खांद्याला खांदा लागून दिवस काढायचा आणि उन्हं कलली की घरी जायचं.

त्यामुळं म्हातारपणाला काय लागतं हे मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो. माणसं लागतात. औषध, चष्मा, काठी हे सगळं नंतर.

म्हणून माझ्या मायनं तिचं म्हणणं सांगितलं तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरेना.

आमचं गाव साखरा. तिथं थोरला भाऊ शेती बघतो. मी त्याला दादा म्हणतो. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, सुना, नातवंडं, अशी घरात पाय ठेवायला जागा नाही. वडील बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मायनं केलं. ते गेल्यावर आम्ही सगळे तिला म्हणायचो, माय, आता आराम कर. ती पुढच्या खोलीत खाटेवर बसायची. अंगावर एक पणतू, पायाशी दुसरा. सून चहा आणून द्यायची. येणारा जाणारा म्हणायचा, म्हातारीचं नशीब मोठं, लेकरा-बाळांत हाय. मला पण तसंच वाटायचं. खिडकीसमोरच्या त्या बाकावरच्या लोकांची आठवण यायची आणि मायचं बरं चाललंय म्हणून जिवाला थंड वाटायचं.

मायच्या धाकट्या पणतवाच्या नामकरणाला मी बायकोसह गावी गेलो होतो. विहारातून भंतेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली. पाहुणे पांगले. वहिनी आणि माझी बायको भांडी आवरत होत्या. दादा अंगणात पान खात बसला होता. माय खाटेवरून उठली, बाहेर आली, खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"म्या आखाड्यावर राहायला जाणार हाय."

आमच्याकडं आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि त्याला लागून असलेली खोली. आमची खोली विटांची, वर पत्रे, समोर लहानसा ओटा, बाजूला लिंबाचं झाड. गावापासून ओढा ओलांडून जावं लागतं.

दादाला वाटलं हळदीच्या राखणीचं काही बोलत असेल. तो म्हणाला, "राखणीला माणूस हाय की."

"राखणीला न्हाई. राहायला. एकटी."

वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती पुढं आली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझं काही चुकलं का, मामी? काहून असं म्हणून राहिल्या तुमी?" वहिनी मायच्या भावाची लेक, म्हणून लहानपणी तिला आत्या म्हणायची, पण लग्नानंतर आमच्याकडच्या सगळ्या सुनांसारखं सासूला मामीच म्हणायला लागली होती.

"तुझं काय चुकलं न्हाई, पोरी," मायनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू बराबर केलं समदं. मला एकटं राहायचं हाय, एवढंच."

"पण काहून?" दादा म्हणाला.

मायनं आमच्या सगळ्यांकडं बघितलं. कारण शोधत होती असं नाही. ते आम्हाला कसं सांगावं हे बघत असावी. मग म्हणाली, "म्या कधी एकटी राहिलेच न्हाई."

एवढ्यावरच ती आत जाऊन खाटेवर बसली.

दादा त्या दिवशी जेवला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "लोक काय म्हणतील? पोरांनी म्हातारीला बाहेर काढली म्हणतील. आन् तुझं ठीक हाय, तू हिंगोलीला. तोंड मला दाखवायचं हाय गावात." त्याचं खोटं नव्हतं. मला वेगळीच भीती वाटत होती. वडिलांच्या मागं मायच्या मनाला काही झालंय आणि ते आमच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटायला लागलं. स्टँडवरच्या बाकावरचा एक म्हातारा असाच आधी घरच्यांशी बोलायचा बंद झाला आणि मग एक दिवस घरातून निघून गेला तो सापडलाच नाही. म्हणून मी मायला घेऊन नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं गेलो. तिला सांगितलं, डोकं दुखतं म्हणतेस ना, ते दाखवू. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोक्यावरून पदर घेऊन गाडीत बसली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी मलाही आत बसू दिलं. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, असं त्या विचारत गेल्या. माय नीट उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "आजी, कधी रडावंसं वाटतं का?"

"वाटतं कवा कवा. पण रडायला जागा न्हाई, बाई. डोळं पुसलं का चार जण इचारत्यात, काय झालं. त्याच्यापेक्षा न रडलेलं बरं."

डॉक्टर बाई लिहायच्या थांबल्या. "एकटं राहायचं म्हणताय म्हणे?"

"व्हय."

"भीती नाही वाटणार?"

"ते राहिल्याबिगर कसं कळंल?" मायनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "तुमी राहिल्या का कधी एकट्या?"

"शिकायला होते तेव्हा. एक खोली घेऊन."

"कसं वाटायचं?"

बाई हसल्या. खुर्चीत जरा मागं टेकल्या. "पहिले दिवस रडले. नंतर फार छान वाटायचं. अजून आठवण येते."

"मग तुमाला सांगायला नको," माय म्हणाली.

मायला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाल्या, "तुमच्या आईंना आजार नाही. त्यांना काहीतरी हवं आहे, इतकंच. या वयाची माणसं माझ्याकडं येतात तेव्हा त्यांना बहुतेक काहीच नको असतं. तो आजार असतो." त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या पुढं चालू ठेवायला सांगितल्या.

परतताना वारंगा फाट्यावर आम्ही चहा घेतला. सगळीकडं ट्रकांचे हॉर्न. मायला मी विचारलं, "खरंच कधीच एकटी नव्हतीस?"

तिनं आठवून आठवून सांगितलं. माहेरी सात भावंडांत एक गोधडी. न्हाणं यायच्या आधी लग्न झालं, तर सासूच्या शेजारी झोपायची. मग आम्ही झालो. कामाला गेली तर बायांच्या टोळीत. परसाकडं सुद्धा बायांच्या घोळक्यानंच जायचं. बाळंतपणात दायी. म्हातारपणी आमच्या वडिलांच्या खाटेशी. "एक बी दिवस असा न्हाई का कुणी माझ्याकडं बघत न्हाई आन् म्या बी कुणाकडं बघत न्हाई. मरताना बी तुमी सगळे भवताली राहसाल. मंग कवा?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. बसस्टँडवर इतकी वर्षं बसून मला कधी कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

तरी ते सोपं झालं नाही. गावातली चार वडीलधारी माणसं दादाच्या अंगणात येऊन बसली. त्यांतले एक शिक्षक म्हणून रिटायर झालेले, विहारात पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत तेच ग्रंथ वाचून दाखवायचे. ते म्हणाले, "आक्का, पोरं चांगली हायेत. त्यांची बदनामी कशाला करता?"

मायनं त्यांना चहा दिला. मग म्हणाली, "गुरुजी, तुमीच वाचता ना विहारात? भंते झाडाखाली राहात, एकटे राहात. तवा तर तुमी हात जोडता."

"ते भिक्खू हायेत, आक्का."

"व्हय. आन् म्या म्हातारी हाय. भिक्खूला समदं सोडावं लागतं, माझं आपोआपच सुटत चाललं. दात गेले, कान चालले. मालक गेले. आता राहिलंच काय माझ्यापाशी का जे पोरांनी काढून घेतलं म्हणून लोक म्हणतील?"

गुरुजी उठले. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "जाऊ दे त्यांना. आठ दिसांत येतील."

गव्हाच्या पेरण्या उरकत आल्या होत्या त्या सुमाराला माय आखाड्यावर गेली. एक चूल, चार भांडी, दोन लुगडी, गोधडी, गोळ्यांची पिशवी आणि बुद्धाची लहान मूर्ती. दादानं हट्टानं साधा मोबाइल दिला. तो ती बहुतेक बंदच ठेवायची. दादा धारा काढायला सकाळ-संध्याकाळ तिथं जातच होता, तेवढ्यात तिची खुशाली कळायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, मी झोपायला येतो. ती म्हणाली, रात माझी. तुला यायचं तर दिवसा ये.

आठ दिवस झाले, माय आली नाही. पंधरवडा झाला, तरी नाही.

मी सुट्टी काढून गेलो. सोबत बायकोनं मायसाठी डबा दिला होता: वरण, भात, वर तुपाची धार. लहानपणापासून आमच्या घरात वरणाशिवाय जेवण झालं नाही. मायच्या हातचं वरण म्हणजे पाहुणे बोटं चाटायचे. ती ओट्यावर बसली होती. मला बघून तिनं पाणी दिलं. डबा उघडला आणि म्हणाली, "हे तू खा. मला वरण आवडत न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुला? वरण?"

"न्हाई आवडत. मला बी हितं आल्यावर उमगलं." तिला स्वतःलाच त्याचं हसू येत होतं. "तुझ्या बापाला लागायचं, सासूला लागायचं, मंग तुमाला लागायचं. रांधायची तर खायची. हितं आले, पहिल्या दिशी डाळ शिजवली. ताट घेतलं आन् ध्यानात आलं, अगं, हे तर मला गोडच लागत न्हाई. मंग गाईला घातलं."

"मग काय आवडतं तुला?"

तिनं उत्साहानं सांगायला सुरुवात केली, जसं लेकरू शाळेतलं सांगतं. अंबाडीची भाजी, आंबटढाण. विस्तवावर भाजलेली मिरची मीठ लावून. भाकरी शिळी, ताकात कुस्करलेली. चहा बिनदुधाचा. आणि भूक तिला दोनदाच लागते, एकदा उन्हं चढल्यावर आणि एकदा दिवस मावळायच्या आधी. "जलमभर दुसऱ्याच्या भुकेनं उठले, लेकरा. माझी भूक कवा लागती तेच ठावं नव्हतं. आता वाट बघत बसते. ती आली का चूल पेटवते."

मी त्या वरण-भाताकडं बघत बसलो. सत्तरी ओलांडलेली बाई, जिला मी जन्मापासून ओळखतो असं मला वाटत होतं, ती माझ्यासमोर बसून स्वतःची ओळख करून घेत होती आणि जाता जाता मलाही करून देत होती. खाटेवर झोपायला तिला आवडत नाही. जमीन बरी वाटते. अंधाराची भीती वाटत नाही, विजेची वाटते. एकटी असली की ती मोठ्यानं बोलत नाही, पण ज्वारीत वारा शिरला की गुणगुणते. हे सगळं तिचं तिला तिथं कळलं होतं. म्हातारपणात माणूस आटत जातं, असं आम्ही धरतो. माझ्या मायला तर नवे धुमारे फुटत होते.

दिवसभर तू करतेस तरी काय, असं मी विचारलं. "काय न्हाई," ती म्हणाली. "बसते." आणि खरंच, दुपारभर आम्ही ओट्यावर बसलो आणि ती काही बोलली नाही. मला चुळबुळ व्हायला लागली. मी खिशातून मोबाइल काढायचो, परत ठेवायचो. ती समोरच्या तुरीकडं बघत बसली होती. चेहरा असा की कुणीतरी तिला काही सांगतंय आणि ती लक्ष देऊन ऐकतेय. तसा चेहरा मी फक्त विहारात ध्यानाला बसलेल्या माणसांचा बघितला होता, आणि त्यांच्यातही क्वचित.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, भादव्यात, एकदा दोन दिवस सारखा पाऊस लागला. ओढ्याला असा पूर आला की पलीकडं जायची सोय राहिली नाही. दादाचा फोन आला, त्याचा आवाज फुटत होता. "मायचा फोन लागत न्हाई. पाणी आखाड्याच्या भोवताली झालंय म्हणून लोक सांगून राहिले." मी निघालो. सेनगावपर्यंत गाडी मिळाली, पुढं एका ओळखीच्या जीपवाल्यानं जमेल तिथपर्यंत सोडलं, मग चिखलातून पायी.

दादा ओढ्याच्या काठावर उभा होता. गावातली माणसं थोडा वेळ थांबून घरी गेली होती. पाऊस उघडला होता आणि ढगांमधून पिवळं ऊन पडलं होतं. मधे लाल पाण्याचा लोंढा, त्यात बाभळीची झाडं मुळासकट वाहत चाललेली. पलीकडं उंचवट्यावर आखाडा दिसत होता. सोयाबीनचं रान सगळं पाण्याखाली, पण खोली आणि लिंबाचं झाड कोरडं होतं. दादा हात तोंडाशी धरून ओरडत होता, "माय! ए माय!" पाण्याच्या आवाजापुढं त्याची हाक दहा हातांवरही जात नव्हती.

मग ती दिसली. खोलीच्या मागून आली. पदर खोचलेला. आधी गाय आणि बैल उंच जागेला बांधलेले होते तिकडं गेली, त्यांच्या पुढ्यात कडबा टाकला, गाईच्या मानेवर थाप मारली. म्हणजे पाणी चढायच्या आधीच तिनं जनावरं सोडून वर नेली होती. मग ओट्यावर ओलं लुगडं वाळत घातलं. आमच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. दादानं परत हाक मारायला हात वर नेले.

तेवढ्यात ती ओट्यावर बसली आणि तिनं अंबाडा सोडला.

मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, दादा साठीच्या जवळ. आमच्या दोघांपैकी कुणीही मायचे मोकळे केस कधी बघितले नव्हते. पहाटे आम्ही उठायच्या आधी तिची वेणीफणी झालेली असायची, दिवसभर डोक्यावर पदर. ते केस पांढरेशुभ्र होते, कमरेच्या खाली येत होते, आणि ती ते उन्हात धरून, बोटांनी सोडवून, सावकाश विंचरत होती. भोवती सगळं रान पाण्यात बुडालेलं, आणि मधे ही एक बाई, जिला कुठंही जायची घाई नाही. ती कुणाची वाट बघत नव्हती. आमची तर नाहीच. मधेच तिनं मान वर करून पाण्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिचे खांदे हलले. ती हसत होती. कशाला हसली ते मला आजही माहीत नाही. पण इतकी मोठी, इतकी स्वतःची अशी ती मला कधी दिसली नव्हती. ही आपली आई आहे हे खरं, पण त्याआधी आणि त्यानंतरही ती दुसरं कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी आपण आत्ता पहिल्यांदा बघतोय.

दादानं हात खाली घेतले होते.

मी म्हणालो, "मार ना हाक. वारा तिकडंच वळलाय, जाईल आता."

तो म्हणाला, "राहू दे. इंचरू दे तिला."

आम्ही दोघं चिखलात तसेच उभे राहिलो. दादाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो ते पुसत नव्हता. तिनं अंबाडा बांधला, पदर घेतला, उठताना तिची नजर इकडं आली. आम्हाला बघून ती दचकली नाही. तिनं एक हात वर केला, आपल्या उंबऱ्यात उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्याला करावा तसा. मग पोटावर हात ठेवून, जेवण झालंय अशी खूण केली आणि हातानंच आम्हाला घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं. दादा पलीकडं गेला. मला वाटलं होतं, आता तो तिला घेऊनच येईल. आला तो एकटा. त्या दिवाळीच्या आधी त्यानं स्वतः दगड-माती आणून ओट्याची उंची वाढवली आणि पत्रे बदलले. गावात कुणी काही बोललं की तो म्हणायचा, "मायचं घर हाय ते. आमाला विचारून राहत न्हाई ती तिथं." हळूहळू बोलणंच थांबलं. उलट गावातल्या म्हाताऱ्या बाया दुपारच्या तिकडं जायला लागल्या. शेजारच्या तांड्यावरची एक आजीही शेरडं घेऊन लिंबाखाली यायची. माय त्यांना एकच अट घालायची: बसा, पण सुनांचं गाऱ्हाणं नको. बऱ्याच जणी दुसऱ्यांदा आल्या नाहीत. तांड्यावरची आजी येत राहिली. दोघी तासन् तास बसायच्या, एक शब्द न बोलता, आणि उन्हं उतरली की तांड्यावरची आजी शेरडं हाकत निघून जायची.

तिसऱ्या हिवाळ्यात मायचे गुडघे फारच धरायला लागले. पाणी आणायला उठणं जड जाऊ लागलं. आम्ही तिला परत ये म्हणालो नव्हतो. एका सकाळी दादा धार काढून निघाला तेव्हा ती म्हणाली, "थांब. मला बी ने. झालं माझं."

मोटारसायकलवर दादाच्या मागं बसून ती घरी आली. पुन्हा तेच घर, तीच गर्दी, अंगावर पणतवंडं. मला वाटलं होतं, ती कोमेजून जाईल. तसं झालं नाही. घरात कितीही गोंधळ असला तरी ती त्याच्या मधोमध ओट्यावरच बसल्यासारखी शांत बसायची. एकच बदल झाला होता. आता ती सांगायची. वरण नको. आता भूक न्हाई. आता जरा कुणी बोलू नका माझ्याशी. आणि कुणाला त्याचा राग यायचा नाही, कारण ती रागानं सांगायचीच नाही. वहिनी मला एकदा म्हणाली, "भाऊजी, आत्याची आता भीती वाटत न्हाई. पहिले वाटायची, का कळायचंच न्हाई त्यांना काय पायजे." मामी म्हणणं तिनं कधी सोडलं आणि परत आत्या म्हणायला कधी लागली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर माय वर्षभर जगली. गेली ती भर दुपारी, घरात सगळे असताना, वहिनीच्या हातावर डोकं ठेवून. तिच्याच म्हणण्याप्रमाणं आम्ही सगळे भोवताली होतो. गुरुजींनी येऊन त्रिशरण-पंचशील म्हटलं.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी हार घातले, शाल दिली. पुढच्या सोमवारी सकाळी कपडे घालून मी दारात उभा राहिलो आणि कुठं जायचं ते कळेना. पाय आपोआप स्टँडकडं वळले. त्या म्हाताऱ्यांच्याच बाकावर बसलो, चहा घेतला आणि एकदम घाबरून उठलो. मग ठरवलं, आपण पण मायसारखं करून बघू. बायकोला सांगितलं, तिनं तोंडातल्या तोंडात हसून पिशवी भरून दिली. दादानं आखाड्याची खोली झाडून ठेवली.

पहिला दिवस झाडलोट, चूल, पाणी यात गेला. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसलो. शेताकडं बघितलं. थोड्या वेळानं मला वाटलं तास तरी झाला असेल. घड्याळ बघितलं, तर कुठलं काय. डोक्यात नुसत्या गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. आता भूक लागली का, हे मी स्वतःला विचारलं, आणि मला खरंच सांगता येईना. काय खावंसं वाटतं? आठवेना. बायको जे वाढते ते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चालत चालत डांबरी रस्त्यापर्यंत गेलो आणि जवळच्या गोरेगावकडं जाणाऱ्या जीपा बघत उभा राहिलो, आणि तेवढ्यानं मला बरं वाटायला लागलं.

तेव्हा मला कळलं की मायनं काय केलं होतं. आम्ही सगळे ते हट्ट समजत होतो, नंतर त्याला धीर म्हणायला लागलो. ते त्याहून फार मोठं होतं. ज्या वयात माणसं आहे तेवढं धरून बसतात, त्या वयात ती कुणीही कधी न शिकवलेली गोष्ट एकटीनं शिकली, पुरी केली, आणि पुरी झाल्यावर हसत माघारी आली. माझ्याच्यानं तीन दिवस झाले नाहीत.

संध्याकाळी दादाला बरं नव्हतं म्हणून वहिनी धारा काढायला आली. माझी भरलेली पिशवी तिनं बघितली. गाईला पाणी दाखवून ती ओट्याशी आली आणि खोलीच्या दाराकडं बघत म्हणाली, "भाऊजी, तुमी चालले तर कुलूप लावू नका."

"का?"

"मला राहायचं हाय जरा. दोन-चार दिस." मग पदरानं हात पुसत, अगदी हळू, "तुमच्या दादाला तुमी सांगाल का?"

मी व्हय म्हणालो. खाली ओढ्याला पाणी थोडंच होतं, दगडावरून पाय टाकत मी पलीकडं गेलो आणि दादाला सांगायला घराकडं निघालो.